स्कॉटलंडच्या नोटांचा नाद (आणि एल्फिन्स्टनची सही)

अबर्डीनकर

लिहीन लिहीन म्हणत होतो, राहून जात होतं. परवा नाण्यांच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं, "परदेशी नोटांत जमवण्यासारखं असतं तरी काय? राजाचं तोंड तेवढं बदलतं." हा धागा मुख्यतः त्यांच्यासाठी, कारण स्कॉटलंडच्या बहुतेक नोटांवर राजाचं तोंडच नसतं.

२००९ साली नोकरीसाठी अबर्डीनला आलो. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात वीसची नोट मोडली, तर पाच-पाच पौंडांच्या तीन नोटा हातात आल्या आणि तिन्ही वेगवेगळ्या. एकीच्या पाठीवर किल्ला, दुसरीच्या पाठीवर दगडी पूल, तिसरीवर कवी रॉबर्ट बर्न्स आणि मागे चक्क उंदीर. मला वाटलं, नवखा बघून गंडवलं. रूममेट हसून हसून बेजार. म्हणाला, इथे तीन खासगी बँका आपापल्या नोटा छापतात: बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल बँक. किल्ला रॉयलचा, पूल बँक ऑफ स्कॉटलंडचा, बर्न्स आणि उंदीर क्लाइड्सडेलचे.

पुढच्या महिन्यात लंडनला गेलो. तिथल्या एका दुकानदाराने त्यातलीच एक नोट उजेडात धरली, उलटी केली, परत उलटी केली आणि मला परत दिली. "हे काय आहे?" मी सांगितलं, पैसे आहेत. तो म्हणाला, इथले नाहीत. त्या रात्री हॉटेलात बसून ती नोट पहिल्यांदा नीट वाचली. 'आमच्या इथल्या, एडिनबराच्या मुख्य कचेरीत, मागताक्षणी' पैसे देण्याचं वचन तिच्यावर होतं. देश नव्हे, एक पेढी वचन देत होती. जवळजवळ हुंडीच की! नाद तिथून लागला.

थोडा इतिहास, कंटाळा आला तर उडी मारा. बँक ऑफ स्कॉटलंड १६९५ ची, तिच्या नोटा १६९६ पासून. रॉयल बँक १७२७ ची. दोघींचं हाडवैर. रॉयलने आल्या आल्या काय केलं, तर जुन्या बँकेच्या नोटा बाजारातून गोळा करत राहायच्या आणि एके दिवशी गठ्ठाच्या गठ्ठा घेऊन तिच्या दारात उभं राहायचं: द्या चांदी! १७२८ मध्ये जुन्या बँकेला खरोखरच काही काळ पैसे देणं थांबवावं लागलं. त्यातून शहाणी होऊन १७३० मध्ये तिने नोटेवर एक ओळ वाढवली, की वाटल्यास आम्ही सहा महिन्यांनी व्याजासकट देऊ. मागताक्षणी देण्याचं वचन आणि खाली ही पळवाट. ती १७६५ च्या कायद्याने बंद झाली.

दुसरी गोष्ट सर वॉल्टर स्कॉटची. १८२५ साली इंग्लंडात बँकांची पडझड झाली. लंडनच्या सरकारने ठरवलं की पाच पौंडांखालच्या कागदी नोटा बंद, स्कॉटलंडमध्येसुद्धा. स्कॉटलंडमध्ये तर सोन्याचं नाणं लोकांना क्वचित दिसायचं, सगळा व्यवहार एक पौंडाच्या नोटेवर. तेव्हा १८२६ मध्ये स्कॉटने 'मॅलाकाय मॅलाग्राउदर' या टोपणनावाने वर्तमानपत्रात अशी पत्रं लिहिली की सरकारला माघार घ्यावी लागली. गंमत बघा, त्याच वर्षी जानेवारीत स्कॉट स्वतः कर्जात बुडाला होता. पैशाने धुतलेला माणूस पैशाच्या कागदासाठी भांडला. बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर आजही त्याचा चेहरा आहे, तो या उपकारापोटी.

आता माझ्याकडचं. संग्रह छोटा आहे, सव्वाशेच्या आसपास नोटा. धोरण साधं: जी बँक बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली तिची निदान एक तरी नोट हवी. युनियन बँक, नॅशनल बँक, कमर्शियल बँक, नॉर्थ ऑफ स्कॉटलंड बँक (ही अबर्डीनची, म्हणून जीव), ब्रिटिश लिनन बँक. सगळ्यांत लाडकी नोट मात्र बँक ऑफ स्कॉटलंडची, १९४० च्या दशकातली एक पौंडाची. घड्या पडलेली, कडा दमलेल्या, बाजारात फारसं मोल नाही. पण खाली गव्हर्नरची सही आहे, एकच शब्द: एल्फिन्स्टन.

मी परळचा. एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावरून बारा वर्षं चढ-उतार केली आहे. एडिनबराच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ती सही पाहिली आणि दादरची गर्दी आठवली. घरी येऊन शोधलं. नोटेवरचे हे सोळावे लॉर्ड एल्फिन्स्टन, १९२४ ते १९५५ बँकेचे गव्हर्नर. स्टेशनला ज्यांचं नाव होतं ते तेरावे लॉर्ड, १८५३ ते १८६० मुंबईचे गव्हर्नर. आणि एल्फिन्स्टन कॉलेजवाले माउंटस्टुअर्ट हे या तेराव्यांचे काका. घराणं एकच. स्टेशनचं नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, माझ्या अल्बममध्ये अजून जुनंच आहे.

प्रश्न असतील तर विचारा. फोटो चढवता येत नाहीयेत, जमलं की टाकतो.

---

खमंग_चकली

मस्त धागा! वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: लंडनच्या दुकानदाराने नाही म्हटलं म्हणजे ही नोट कायदेशीर चलन नाही का? मग स्कॉटलंडमध्ये तरी कशी चालते?

---

अबर्डीनकर

चकलीताई, प्रश्न बाळबोध नाही, इथल्या लोकांनाही याचं धड उत्तर देता येत नाही. काटेकोर कायद्याने या नोटा 'लीगल टेंडर' नाहीत. लंडनमध्ये नाहीत आणि एडिनबरातही नाहीत. त्याहून मजा म्हणजे बँक ऑफ इंग्लंडच्या नोटासुद्धा स्कॉटलंडमध्ये लीगल टेंडर नाहीत. तिथे तो मान फक्त नाण्यांना.

पण लीगल टेंडरचा अर्थ फार चिंचोळा आहे. कोर्टात कर्जफेड करताना समोरच्याने काय नाकारू नये, एवढाच. दुकानदाराने काय घ्यावं ही त्याची मर्जी. घेणाऱ्याचा विश्वास आहे म्हणून चालते, बस्स.

---

शंकासुर

आणि बँक बुडाली तर? २००८ मध्ये रॉयल बँकेला सरकारनेच वाचवलं ना? तेव्हा त्या नोटा घेऊन लोक काय करणार होते?

---

अबर्डीनकर

नोटांमागे तेवढेच पैसे बाजूला ठेवावे लागतात. त्यासाठी बँक ऑफ इंग्लंड खास नोटा छापते ज्या कधीच तिजोरीबाहेर येत नाहीत. दहा लाख पौंडांची एक, तिला 'जायंट' म्हणतात, आणि दहा कोटी पौंडांची एक, ती 'टायटन'. संग्राहकांच्या स्वप्नात येते ती टायटन! २००९ च्या बँकिंग कायद्याने हे नियम आणखी आवळले. मी आलो तेव्हा लोक याबद्दल खरंच बोलत होते, पण नोट नाकारताना मी कुणाला पाहिलं नाही.

---

हिशेबनीस

छंद म्हणून ठीक. गुंतवणूक म्हणून काय? गोल्फवाल्या जॅक निकलसची पाच पौंडांची नोट ऑनलाइन कायच्या काय भावाला दिसते. माझ्या मेव्हण्याकडे दोन आहेत, कोरी करकरीत. ठेवाव्यात का विकाव्यात?

---

अबर्डीनकर

हिशेबनीस, मेव्हण्यांना सांगा, फ्रेम करून भिंतीवर लावा. शोभेल तिथे.

ती नोट रॉयल बँकेने २००५ मध्ये काढली, सेंट अँड्रूजच्या ओपन स्पर्धेच्या वेळी. राजघराण्याबाहेरचा जिवंत माणूस ब्रिटिश नोटेवर पहिल्यांदा आला, म्हणून गाजावाजा झाला. छापल्या वीस लाख. आणि वीस लाखांतल्या बहुतेक लोकांनी जपून ठेवल्या, कारण सगळ्यांनाच वाटलं की पुढे भाव येणार. सगळ्यांनी जपलेली वस्तू दुर्मीळ कशी होईल? ऑनलाइन दिसतो तो मागितलेला भाव. दिलेला भाव बघायचा असेल तर झालेल्या लिलावांचे आकडे बघा, झोप उडेल.

क्लाइड्सडेलची २०१५ ची प्लास्टिकची पाचाची नोट तशीच. फोर्थ ब्रिजला १२५ वर्षं झाली म्हणून काढली, पुन्हा वीस लाख. त्याआधी १९९४ ची स्टीव्हन्सन, १९९७ ची ग्रॅहम बेल, १९९९ ची पार्लमेंट, या एक पौंडाच्या स्मरणिका नोटाही प्रत्येक स्कॉटिश आजीच्या कपाटात निघतात. दिसायला सुंदर आहेत, माझ्याकडेही आहेत, पण त्यांना दुर्मीळ म्हणू नका.

खरी दुर्मीळ काय ते ऐका. २ ऑक्टोबर १८७८ ला सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. संचालकांनी वर्षानुवर्षं खोटे हिशेब दाखवले होते, पुढे ते तुरुंगात गेले. भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती, म्हणजे बँकेचं देणं त्यांच्या घरादारावर. शेकडो कुटुंबं देशोधडीला लागली. पण नोटा? इतर स्कॉटिश बँकांनी ठरवलं की त्या नोटा आम्ही पूर्ण किमतीला घेऊ, नाहीतर लोकांचा सगळ्याच कागदावरचा विश्वास उडेल. लोकांनी रांगा लावून बदलून घेतल्या. बदलून घेतलेली नोट रद्द होते, फाडली जाते, जाळली जाते. त्यामुळे त्या बँकेची नोट आज दिसणं महाकठीण. पैसे बुडाले असते तर लोकांनी रागाने का होईना, ट्रंकेत टाकून दिली असती आणि आज आपल्याला मिळाली असती.

स्कॉटलंडच्या जुन्या नोटांचं हेच आहे. बँकांनी वचन पाळलं म्हणून नोटा उरल्या नाहीत. अठराव्या शतकातली नोट हवी तर एडिनबराला 'म्युझियम ऑन द माउंड' मध्ये जा, काचेबाहेरून बघा आणि परत या. रॉयल बँकेची १७७७ ची गिनी नोट तीन रंगांत छापलेली, राजाचं डोकं लाल. युरोपात त्याआधी एवढ्या रंगांत कुणी नोट छापली नव्हती. ती माझ्या हाताला लागणार नाही, या जन्मी तरी.

---

हिशेबनीस

मेव्हण्याला लिंक पाठवली. अजून उत्तर नाही.

---

कडू_कारले

सगळं छान, पण मला एक कळत नाही. ज्या एल्फिन्स्टनने पुण्यात रेसिडेंट म्हणून बसून पेशवाईचा घास घेतला, त्याच्या घराण्याच्या सहीचं कौतुक परळच्या मराठी माणसाने करायचं? उद्या क्लाइव्हच्या चपला जमवाल.

---

अबर्डीनकर

कारलेबुवा, कौतुक सहीचं नाही, ओळखीचं नाव अनोळखी कागदावर भेटलं त्याचं आहे. आणि तुमचा राग मला मान्य आहे. या नोटांमागचा पैसा कुठून कुठून आला हे इथेही लोक आता विचारतात: वेस्ट इंडीजची साखर, गुलामांचा व्यापार, चीनला विकलेली अफू. अफूचा धागा तर थेट मुंबईत येतो, जार्डिन मॅथिसन या व्यापारी कंपनीचे मालक स्कॉटिश आणि त्यांचे मुंबईतले भागीदार जमशेटजी जीजीभॉय. नोट जमवायची म्हणजे हे सगळं विसरायचं असं मी मानत नाही.

---

फोर्टवाला

इथे मला तोंड घालू द्या. एकतीस वर्षं बँकेत काढली, निवृत्तीनंतर नोटांचा किडा चावला. माझा विषय बँक ऑफ बॉम्बे.

कारलेबुवा, तुम्हाला आणखी कडू घोट देतो. आपल्याकडेही एकेकाळी स्कॉटलंडसारखंच होतं. बंगाल, बॉम्बे आणि मद्रास या तीन प्रेसिडेन्सी बँका स्वतःच्या नोटा काढायच्या. बँक ऑफ बॉम्बे १८४० ची. तिच्या काही नोटांवर टाउन हॉलचं चित्र आहे आणि काहींवर दोन पुतळे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम. दोघेही स्कॉटिश. माल्कम म्हणजे तोच, ज्याच्यापुढे दुसऱ्या बाजीरावाने १८१८ मध्ये शरणागती पत्करली. म्हणजे बावीस वर्षांनी मुंबईचा व्यापारी कुणाच्या तोंडाकडे बघून पैसे मोजत होता ते बघा.

आणि हे थांबवलं कुणी? आणखी एका स्कॉटने! जेम्स विल्सन, हॉइक गावचा. त्याने लंडनला 'इकॉनॉमिस्ट' काढलं, चार्टर्ड बँक काढली. १८५७ नंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली म्हणून त्याला इकडे पाठवलं. १८६० चं पहिलं बजेट त्याचं, आपला इन्कम टॅक्स त्याचा, आणि खासगी बँकांकडून नोटा काढून घेऊन सरकारने छापाव्यात ही योजनाही त्याची. बिचारा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात हगवणीने गेला. कायदा १८६१ मध्ये झाला. म्हणजे स्कॉटलंडमध्ये एका स्कॉटने खासगी नोट वाचवली आणि हिंदुस्थानात दुसऱ्या स्कॉटने ती संपवली.

बँक ऑफ बॉम्बेच्या खऱ्या नोटा बाजारात शोधू नका, दाखवतील त्या बहुतेक नमुना नाहीतर नक्कल. फोर्टात रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, तिथे जाऊन या. दुपारच्या जेवणानंतर गर्दी नसते.

---

अबर्डीनकर

फोर्टवाले काका, साष्टांग नमस्कार! विल्सन माहीत होता, पण हा जोड मला सुचला नव्हता. वेगळा धागा काढा, प्लीज.

---

खमंग_चकली

+१, काकांनी वेगळा धागा काढाच.
अवांतर: इन्कम टॅक्स आणणारा माणूस हगवणीने गेला हे वाचून वाईट वाटायला हवं होतं.

---

जुनी_पेटी

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. माझे आजोबा राजापूर तालुक्यातले, बोटीवर खलाशी होते. 'क्लॅन' नावाने सुरू होणाऱ्या बोटी, ग्लासगोच्या. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांची. गेल्या मे महिन्यात घर शाकारायला काढलं तेव्हा त्यांची पत्र्याची पेटी उघडली. त्यात बोटीवरची नल्ली (खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक), एक वस्तरा आणि नल्लीच्या आत चार घड्या घातलेली एक नोट. निळी, मध्ये लाल किरणांसारखं काहीतरी, एका बाजूला देवीसारखी बसलेली बाई. वर इंग्रजीत ब्रिटिश लिनन बँक. आम्हाला वाटलं कापड दुकानाचं कुपन असेल! मामा म्हणतो लाखात जाईल. सालातले पहिले तीन आकडे दिसतात, १९४, पुढचा घडीत गेलाय. घडीवर डाग आहेत आणि कसर लागलीय थोडी. इस्त्री फिरवू का?

---

अबर्डीनकर

ताई, इस्त्री नको! हात जोडतो. पाणी नको, खोडरबर नको, सेलोटेप तर बिलकुल नको. घड्या उलगडा, दोन कोऱ्या कागदांत ठेवा, वर जाड पुस्तक, आणि विसरून जा. नंतर पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात. साधं पीव्हीसीचं प्लास्टिक वापरू नका, काही वर्षांनी ते चिकट होतं आणि शाई ओढून घेतं.

तुमचं कापड दुकान फार चुकलेलं नाही. ब्रिटिश लिनन कंपनी १७४६ मध्ये निघाली ती लिननच्या धंद्यासाठीच. सूत कातणाऱ्यांना आणि विणकरांना पैसे चुकते करायला नोटा काढल्या, मग लक्षात आलं की कापडापेक्षा नोटांचा धंदा बरा. पुढे पक्की बँक झाली आणि १९७० च्या सुमारास बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये विलीन झाली. जाता जाता तिने वॉल्टर स्कॉटच्या चेहऱ्याची एक पौंडाची नोट काढली, तिच्यावरची तारीख २९ फेब्रुवारी १९६८. लीप वर्षाची तारीख असलेली नोट म्हणून आम्ही वेडे लोक ती मुद्दाम शोधतो.

मामांना हळूच सांगा: चाळीसच्या दशकातली, चार घड्यांची, कसर लागलेली लिननची एक पौंडाची नोट म्हणजे इथल्या एखाद्या साध्या जेवणाचा खर्च. लाख नाहीत.

आणि इस्त्रीबद्दल इतकं ओरडण्याचं कारण सांगतो. दहा वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी युनियन बँकेची पाचाची नोट घेतली, 'जवळजवळ कोरी' म्हणून. पगाराचा बरा हिस्सा घातला. घरी आणून दिव्याखाली तिरपी धरली तर जुन्या घडीची रेघ पुसट दिसत होती आणि छपाईचा उठाव सपाट झालेला. कुणीतरी धुऊन, दाबून चकचकीत केली होती. नाकाजवळ नेली तर चक्क साबणाचा वास. जुन्या नोटेला जुन्या नोटेचा वास हवा. तेव्हापासून आधी वास घेतो, मग घडी बघतो, मग टाचणीची भोकं मोजतो. दुकानात लोक विचित्र नजरेने बघतात.

---

फोर्टवाला

टाचणीच्या भोकांना नावं ठेवू नका हो. आमच्या काउंटरवर अशा कितीतरी गड्ड्या टोचल्या आहेत मी. स्टेपल मारणं बंद झालं तेव्हा निम्म्या स्टाफला करमेना.

---

शंकासुर

सुरुवात करायची असेल तर कुठून करावी? खिशाला परवडेल असं.

---

अबर्डीनकर

सध्या चालू आहेत त्या नोटांपासून. रॉयल बँकेची २०१६ ची पाचाची घ्या, तिच्यावर लेखिका नॅन शेफर्ड आणि मागे बांगडे. हो, बांगडे! दहाच्या नोटेवर गणिती मेरी सोमरव्हिल आणि पाणमांजरं. मालवणी माणसाला बांगड्याची नोट आवडणार नाही असं होणार नाही. कागदी पाचाच्या आणि दहाच्या नोटा २०१८ च्या मार्चमध्ये चलनातून गेल्या, त्या वापरलेल्या स्थितीत अजून सहज मिळतात. मग रॉयल बँकेची एक पौंडाची, बँकेचा पहिला गव्हर्नर लॉर्ड आयले याचा चेहरा आणि एडिनबराचा किल्ला असलेली. इंग्लंडने एक पौंडाची नोट १९८८ मध्ये मोडीत काढली, रॉयलने पुढेही चालू ठेवली. ती हातात धरली की वॉल्टर स्कॉट जिंकला हे पटतं.

सह्या शिका. डिझाइन तेच राहतं, सही बदलते, आणि दोन वर्षंच टिकलेल्या अधिकाऱ्याची सही वीस वर्षं टिकलेल्यापेक्षा जड पडते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सह्यांचं जे आहे, तेच इथे.

---

कडू_कारले

बांगड्याची नोट मिळाली तर मला कळवा. घेईन. एल्फिन्स्टन नको.

---

जुनी_पेटी

दादा, पुस्तकाखाली आठवडाभर ठेवली. घडी मोकळी झाली. शेवटचा आकडा ७ आहे असं मला वाटतं, आई म्हणते १ आहे. नल्लीत १९४७ चा ग्लासगोचा शिक्का आहे, म्हणून मी ७ धरून बसलेय.

आणखी एक सापडलं. नोटेच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने मराठीत बारीक लिहिलंय, भिंगाखाली वाचलं: 'सखूचे लुगडे'. सखू माझी आजी. ते लुगडं आलं नसणार, नोट इथेच आहे ना.

मामाला दाखवलं. तो आता विकायचं काढत नाही.